घरबसल्या लिलाव

'लिलाव' हा शब्द मराठीच्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो बाहेरून आला आहे हे सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि घाट चढून देशावर आला. शब्द परका असला, तरी रीत मात्र आता अगदी घरची झाली आहे. गोव्यात देवळाच्या उत्सवात अर्पण झालेल्या फळफळावळीची जी 'पावणी' होते, ती लिलावच होय. गणेशोत्सवाच्या अखेरीस गावोगाव नारळाची आणि मोदकाची बोली लागते. साधा नारळ हजारावर जातो. पण घेणारा फसला, असे कोणी म्हणत नाही. नारळाचे मोल किती, हे त्याला ठाऊक असते. आपला पैसा कोणत्या कामी लागणार, हेही ठाऊक असते. आणि आपल्यावर चढ करणारा गृहस्थ कोण, त्याचे घर कोणते, त्याची ऐपत किती, हेही त्याला पुरते ठाऊक असते.

वस्तू डोळ्यांपुढे असणे आणि माणसे समोरासमोर असणे, ह्या दोन पायांवर जुना लिलाव उभा होता. ह्यांपैकी एक जरी पाय लंगडा झाला, तरी व्यवहार डळमळू लागतो. शेतमालाच्या बाजारात एके काळी अडते आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ज्याने उन्हातान्हात माल पिकवला, त्याला मात्र भाव कळे तो सौदा होऊन गेल्यावर. पुढे नियंत्रित बाजार समित्या आल्या आणि त्यांनी उघड लिलावाचा नियम घातला, तो ह्याच कारणासाठी. झाकलेल्या हाताने ठरलेला भाव खरा असेलही. पण तो खरा आहे अशी खात्री कोणालाच देता येत नाही.

गेल्या काही दशकांत हा लिलाव बाजारातून उठून माणसाच्या घरात, आणि घरातून त्याच्या खिशात येऊन बसला आहे. १९९५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पिएर ओमिद्यार ह्या तरुणाने संगणकाच्या जाळ्यावर एक लिलावाची पेढी उघडली. तीच पुढे 'ईबे' ह्या नावाने जगभर गाजली. तिच्यावर पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेसर-दिवा होता, आणि त्याला चौदा डॉलर ८३ सेंट आले. मोडकी वस्तू घेणारा भेटला, ह्याचेच मालकाला नवल वाटले. परंतु घेणारा असल्याच मोडक्या वस्तू जमवणारा निघाला. ह्या एका प्रसंगात नव्या लिलावाची सारी मोहिनी साठवलेली आहे. गावच्या बाजारात ज्या वस्तूला कोणी हात लावणार नाही, तिचा भुकेला हजार कोसांवर कोठे तरी बसलेला असतो. त्याच्यापर्यंत पोहोचता आले की झाले.

भारतात ही लाट २००० साली आली. त्या वर्षी मुंबईत 'बाझी' नावाची लिलावपेढी निघाली. २००४ मध्ये 'ईबे'ने ती सुमारे पाच कोटी डॉलरांना विकत घेतली, आणि देशभरातील नाणी, टपाल-तिकिटे, जुने कॅमेरे व घड्याळे जमवणारे लोक तेथे गोळा झाले. घेणाऱ्याचे पैसे मध्यस्थाने राखून ठेवावेत आणि वस्तू पोहोचल्यावरच ते विकणाऱ्याच्या हाती द्यावेत, अशी 'पैसापे' नावाची सोयही तेथे होती. पुढे ठरावीक किमतीच्या दुकानदारीने लिलावाला मागे सारले. २०१७ मध्ये पेढीचा भारतातील कारभार 'फ्लिपकार्ट'कडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ते दालन बंद झाले. दालन बंद झाले, तरी हौस काही संपली नाही. नाण्यांचे आणि चित्रांचे व्यावसायिक लिलाव आज जाळ्यावर चालतात. आणि किरकोळ बोली तर मोबाईलवरील गटागटांत, कोणाच्याही देखरेखीवाचून रोज रात्री लागत असते.

ह्या बाजाराची गंमत आणि ह्या बाजाराचा जाच, दोन्ही समजण्यासाठी बडोद्याच्या दांडिया बाजारातील एखादे मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. घर जुने, पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. आजोबांच्या पश्चात कपाट आवरताना तळाशी एक पितळी डबा निघतो. डब्यात काही बाबाशाही रुपये आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी रुपया बडोदे राज्यात सर्वत्र चालू झाला, तेव्हा चलनातून गेलेले हे नाणे. शिवाय घोड्याचा खूर आणि समशेर ह्यांची खूण असलेले तांब्याचे पैसे आहेत, सयाजीराव महाराजांच्या मुद्रेचे चार-दोन रुपये आहेत. घराच्या छपराची डागडुजी राहिली आहे, आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे. नातू मोबाईल काढून सांगतो की, असल्या नाण्यांना हल्ली हजारो रुपये येतात. घरात आशेची एक झुळूक येते.

पहिली चूक त्याच संध्याकाळी होते. नातू छायाचित्रे काढायला बसतो, तो तांब्याची नाणी नवीकोरी लखलखत असतात.

"आजी, हे काय केलेस?" तो कळवळून विचारतो.

"अरे, विकायला काढायची तर स्वच्छ नकोत का? चिंच लावून घासली. बघ कशी देवाच्या उपकरणांसारखी दिसताहेत!"

आजीचे काही चुकले नाही. तिने आयुष्यभर तांब्याची भांडी अशीच उजळवली. पण नाणी जमवणाऱ्याला हवा असतो तो शंभर वर्षांच्या हवापाण्याने चढलेला काळसर-तपकिरी थर. तोच नाण्याच्या वयाचा दाखला. तो गेला की, अस्सल नाणेही नकली दिसू लागते आणि किंमत पार उतरते.

दुसरी चूक सनाची. तांब्याच्या पैशावर '१९४९' असे आकडे स्पष्ट आहेत. नातू मोठ्या उत्साहाने लिहितो : 'बडोदे राज्याचे शेवटचे नाणे, सन १९४९.' १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, ही गोष्ट त्याने शाळेत ऐकलेली असते; तेव्हा हिशेब कसा चपखल जुळतो! परंतु गायकवाडांच्या नाण्यांवरील हे सन विक्रम संवताचे आहेत. संवत १९४९ म्हणजे इसवी सन १८९२-९३. मुलगा खोटे बोललेला नसतो. त्याला ठाऊक नसते, इतकेच. पण पलीकडे बसलेल्या जाणत्या ग्राहकाला हे अज्ञान आहे की लबाडी, हे कसे कळावे? तो एक तर दूर होतो, किंवा ह्या अज्ञानाचा फायदा उठवतो.

आता बोलीचा आरंभ किती रुपयांपासून करायचा, हा प्रश्न येतो. आकडा मोठा ठेवला, तर सात दिवस कोणी फिरकत नाही आणि न विकलेल्या मालावर 'कोणी घेतला नाही' असा जणू शिक्का बसतो. आकडा लहान ठेवला, तर पावसाळ्याच्या एखाद्या रात्री, वीज गेलेली असताना, दोनच माणसे बोली लावतात आणि पाच हजारांची अपेक्षा असलेले नाणे सातशेला जाते. जुन्या लिलावात बोली पडू लागली की, पुकारणारा थांबे, दोन विनोद करी, मागच्या रांगेतल्या सावकाराला नावाने हाक मारी. यंत्राला थांबणे ठाऊक नाही. घड्याळाचा काटा फिरला की व्यवहार पुरा.

आणि पुरा तरी कोठे होतो? विकणाऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार हीच की, बोली जिंकणारा पैसेच पाठवत नाही. पहिले दोन दिवस 'उद्या पाठवतो', तिसऱ्या दिवशी 'घरी आजारपण आहे', चौथ्या दिवशी मौन. तोवर दुसऱ्या क्रमांकाचा ग्राहक दुसरीकडे खरेदी करून बसलेला असतो. बँका जेव्हा थकलेल्या कर्जापोटी घरे-दुकाने लिलावात काढतात, तेव्हा बयाण्याची रक्कम आधी भरून घेतात. बोली मान्य होताच किमतीचा चौथा हिस्सा ताबडतोब भरावा लागतो, आणि उरलेला भाग मुदतीत न आला तर भरलेले पैसे जप्त होतात. तेथे शब्दाला किंमत आहे, कारण शब्द मोडण्याला किंमत आहे. किरकोळ लिलावात शब्द मोडणे फुकट असते. म्हणूनच तेथे तो इतक्या सहजतेने मोडला जातो.

विकणाऱ्याची ही रड ऐकून घेणारा सुखी आहे असे समजू नये. नाशिकला किंवा कोल्हापुरात बसलेला एखादा निवृत्त संग्राहक घ्यावा. त्याने वर्षानुवर्षे एका विशिष्ट बाबाशाही रुपयाची वाट पाहिली आहे. रविवारी रात्री दहाला बोली संपणार; नऊ वाजून एकोणसाठ मिनिटांपर्यंत तोच पुढे आहे. शेवटच्या पाच सेकंदांत कोणी तरी पन्नास रुपये चढ करतो आणि दार बंद होते. गृहस्थ आणखी पाचशे द्यायला तयार होता. पण ते सांगायला वेळच उरला नाही.

ह्या शेवटच्या क्षणीच्या झडपेचा अर्थशास्त्रज्ञांनीही अभ्यास केला आहे. आल्विन रॉथ आणि अक्सेल ओकेनफेल्स ह्यांनी २००२ साली दोन पेढ्यांची तुलना प्रसिद्ध केली. एकीत बोली ठरल्या क्षणी संपे. दुसरीत शेवटी बोली आली, तर मुदत आणखी दहा मिनिटे वाढे. जेथे मुदत वाढे, तेथे ही झडप पुष्कळच कमी दिसली. म्हणजे दोष केवळ माणसाच्या स्वभावाचा नाही. नियम कसा केला आहे, ह्याचाही तो आहे. 'एक वार, दोन वार, तीन वार' ह्या जुन्या पुकाऱ्यात हेच शहाणपण होते. कोणाला काही बोलायचे असेल, तर त्याला श्वास घेण्याइतका वेळ मिळत असे.

वस्तुतः ह्या लिलावांतील मूळ नियम मोठा न्याय्य आहे. ग्राहकाने आपली कमाल किंमत गुप्तपणे सांगून ठेवावी. यंत्र त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवील, आणि जिंकणाऱ्याला स्वतःची कमाल नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून थोडीशीच अधिक रक्कम द्यावी लागेल. टपाल-तिकिटे जमवणाऱ्यांत असली रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होती. विल्यम विक्री ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये तिचे गणित मांडले आणि १९९६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. गणित सांगते की, अशा लिलावात खरी कमाल किंमत सांगण्यातच हित आहे. पण ह्या गणितात एक गोष्ट गृहीत आहे : माणसाला आपली कमाल किंमत ठाऊक असते. अनुभव मात्र निराळा आहे. चार हजारांच्या पुढे जायचे नाही, असा निश्चय करून बसलेला गृहस्थ चार हजार शंभरचा आकडा दिसताच पेटतो. आता त्याला नाणे नको असते. त्याला त्या अदृश्य प्रतिस्पर्ध्याला हरवायचे असते. आणि पुष्कळदा तो प्रतिस्पर्धी म्हणजे विकणाऱ्याचाच मेहुणा किंवा मित्र असतो; भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावणारा. गावच्या लिलावात असला मेहुणा चारचौघांत लगेच ओळखू येई. येथे त्याला चेहराच नाही.

म्हणूनच लिलाव जिंकणे हे नेहमी भाग्य असतेच असे नाही. इसवी सन १९३ मध्ये रोमच्या राजरक्षक सैनिकांनी आपल्याच सम्राटाला ठार करून साम्राज्य लिलावात काढले. दिदियस ज्युलियानस नावाच्या धनिकाने सर्वांवर चढ करून ते घेतले, आणि अवघ्या ६६ दिवसांत तो गादीलाही मुकला आणि प्राणालाही. १९७१ साली अमेरिकेतील एका तेलकंपनीच्या तीन अभियंत्यांनी ह्याच गोष्टीचे शास्त्र मांडले. समुद्रतळाच्या तेलाचा अंदाज प्रत्येक कंपनी आपापल्या परीने करते. ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, तोच सर्वांत मोठी बोली लावतो आणि जिंकतो. त्यांनी ह्याला 'जिंकणाऱ्याचा शाप' म्हटले. शेजारी कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या बडोदेकरांना हे उदाहरण सहज पटेल. ज्या वस्तूचे खरे मोल कोणालाच नीट ठाऊक नाही, तिच्या लिलावात सर्वांहून पुढे जाण्यापूर्वी, बाकीचे सारे मागे का थांबले, हा प्रश्न स्वतःला विचारणे बरे.

नाणे शेवटी टपालाने हाती येते. जुने सराफ नाणे दगडावर आपटून त्याचा नाद ऐकत. 'खणखणीत' हा शब्द असल्याच पारखीची आठवण करून देतो. हातात घेऊन वजन, कडेवरील घासणी, अक्षरांची धार पाहिली जाई. छायाचित्राला नाद नसतो आणि वजनही नसते. साच्यात ओतलेली नक्कल चित्रात अस्सलाहून सुंदर दिसू शकते. नक्कल परत पाठवावी, तर विकणारा म्हणतो की, पाठवले ते अस्सलच होते, परत आलेले निराळे आहे. आणि असे करणारे ग्राहकही असतात, ही दुर्दैवाची गोष्ट. दोघेही प्रामाणिक असले, तरी दोघांनाही ते सिद्ध करता येत नाही. पलीकडचा माणूस खोटा आहे की खरा, हे कळण्याचे साधनच हातून गेलेले असते. ह्या बाजारातील खरे दुःख हेच.

अशा प्रकारे जेथे विश्वासाला आधार उरत नाही, तेथे ठग येऊन बसतात. गेल्या काही वर्षांत जुन्या नाण्या-नोटांच्या नावाखाली जो बाजार मांडला गेला, तो पाहिला तर किरकोळ तक्रारी फिक्या वाटतात. 'पाच रुपयांच्या अमुक नाण्याला दहा लक्ष मिळवा' अशी जाहिरात मोबाईलवर येते. गृहस्थ नाण्याचे चित्र पाठवतो. पलीकडून आनंदाने होकार येतो. मग सांगितले जाते की, रक्कम तयार आहे, फक्त नोंदणीचे एक हजार भरा. नंतर कराचे पाच हजार, मग विम्याचे, मग परवान्याचे. परवान्यावर रिझर्व्ह बँकेचे नाव आणि मुद्रा असते, अर्थात बनावट. आधी भरलेले बुडू नयेत, म्हणून माणूस पुढचे भरत जातो. हा प्रकार इतका फोफावला की, ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेलाच जाहीर खुलासा करावा लागला : बँक असल्या व्यवहारांत पडत नाही, त्यांसाठी कोणाकडूनही शुल्क किंवा दलाली मागत नाही, आणि तिने कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही.

ह्या जाळ्यात सापडतात ते लोभी लोक, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दांडिया बाजारातील ती आजी लोभी नाही. तिला छपराची काळजी आहे आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्च मुलावर पडू नये, असे वाटते. ठगांना लोभाहून गरज अधिक उपयोगी पडते. तेल गेले, तूप गेले आणि हाती धुपाटणे आले, अशी गत झाल्यावर पैशापेक्षाही अधिक काही जाते. घरातील म्हातारे माणूस लाजेने कोणाला सांगत नाही, आणि सांगितले तर नातवाच्या मनात अपराधाचे शल्य राहते. डबा उघडला नसता तर बरे झाले असते, असे त्या घराला वाटू लागते.

कायदा ह्या बाबतीत अगदीच मुका नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखालील २०२० चे नियम ह्यांनी जाळ्यावरील पेढ्यांना तक्रार-अधिकारी नेमायला लावले. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हावे, असे बंधन घातले. ग्राहकांसाठी १९१५ आणि पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक आहेत. १९३० वर जितक्या लवकर कळवावे, तितकी गेलेली रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा अधिक. परंतु एक मेख लक्षात ठेवली पाहिजे. जो मनुष्य धंदा म्हणून नव्हे, तर खाजगी रीतीने एखादी वस्तू विकतो, त्याला हे २०२० चे नियम लागू नाहीत. म्हणजे दुकानदाराकडून घेतलेल्या पंख्याला जे संरक्षण, ते आजीच्या डब्यातील रुपयाला नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते खाजगी माणसाने परदेशी पाठवणे हा गुन्हा आहे. सातासमुद्रापलीकडचा ग्राहक कितीही मोठी बोली लावो, संवत १९४९ चा पैसा त्याच्याकडे रवाना करता येत नाही.

बडोद्याच्या माणसाला लिलावाचा हातोडा तसा अपरिचित नाही. खंडेराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकात लक्षावधी बसरा मोत्यांनी विणवून घेतलेला गालिचा मार्च २००९ मध्ये कतारची राजधानी दोहा येथे सुमारे ५५ लक्ष डॉलरांना गेला. त्यापूर्वी, एप्रिल २००७ मध्ये, गायकवाडांच्या सुप्रसिद्ध मोत्यांच्या हाराचे दोन सर न्यूयॉर्कला सुमारे ७१ लक्ष डॉलरांना विकले गेले. नागपूरकरांची आठवण तर ह्याहून कडू आहे. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर, १८५४ च्या सुमारास, राजवाड्यातील हत्ती-घोडे सीताबर्डीवर आणि जडजवाहीर कलकत्त्यात लिलावाने विकले गेले. त्याच घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले ह्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात आली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून ती सुमारे ४७ लक्ष रुपयांना मिळवली, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. शासनासारख्या शासनालाही हाताशी वेळ थोडा होता, मध्यस्थ लागला आणि आपल्याच घरची वस्तू भाव देऊन घ्यावी लागली.

परंतु ह्या मोठ्या लिलावांत आणि मोबाईलवरील किरकोळ बोलीत एक मोठा भेद आहे. तेथे वस्तूचा इतिहास तपासलेला असतो, कोणाकडून कोणाकडे गेली ह्याची नोंद असते, आधी पाहण्याची सोय असते, आणि पेढीने आपले नाव पणाला लावलेले असते. त्यासाठी ती घसघशीत दलाली घेते. हातोड्याच्या भावावर आणखी वीस-पंचवीस टक्के ग्राहकाला मोजावे लागतात. म्हणजे श्रीमंतांच्या लिलावात विश्वास हा विकत मिळतो. लहान माणसाच्या लिलावात तो गृहीत धरलेला असतो, आणि म्हणूनच तो तेथे वारंवार फुटतो.

मग दांडिया बाजारातील त्या कुटुंबाने काय करावे? नवे साधन टाकून द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. नाशिकचा संग्राहक आणि बडोद्याचा डबा ह्यांची गाठ दुसऱ्या कोणत्या उपायाने पडली असती? पण पायऱ्या उलट्या चढू नयेत. आधी जाणणे, मग विकणे. नाणी घासू नयेत. सयाजीबागेतील संग्रहालयात जाऊन तशी नाणी पाहावीत; शहरातील दोन-तीन जाणत्या संग्राहकांना डबा प्रत्यक्ष दाखवावा, आणि एकाच्याच शब्दावर विसंबू नये. सन, वजन आणि माप नीट लिहावे. ठाऊक नसेल तेथे 'ठाऊक नाही' असेच लिहावे, कारण जाणता ग्राहक ह्या दोन शब्दांवर जितका विश्वास ठेवतो, तितका दहा विशेषणांवर ठेवत नाही. घेणाऱ्याने आपली कमाल किंमत कागदावर लिहून ठेवावी आणि तो कागद रात्री दहापर्यंत मोडू नये. आणि जो कोणी पैसे देण्याआधी पैसे मागतो, त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे.

इतके केल्यावर कदाचित असेही कळेल की, डब्यातील बहुतेक नाणी सामान्य आहेत. रुप्याच्या वजनाहून थोडे अधिक मिळेल, एवढेच. आजीच्या शस्त्रक्रियेचा काही भाग निघेल, छपराचा निघणार नाही. निराशा होईल, पण ती खऱ्या भावाची निराशा असेल, आणि तिच्यामागे कोणाचा तळतळाट नसेल. कोणी जाणता गृहस्थ घरी येईल, ओसरीवर बसून एकेक नाणे उजेडात धरील, चहा घेईल, चार रुपये बाजूला काढून त्यांचे रोख पैसे मोजील. चिंचेने घासलेले तांब्याचे पैसे मात्र तो हसून परत करील. ते कोणी घेणार नाही. तेव्हा आजी ते नातवाच्या हातावर ठेवील, आणि त्यांवरचा खूर कोणाच्या घोड्याचा, समशेर कोणाची, आणि पणजोबा कोणत्या कचेरीत बसत, हे त्याला सांगू लागेल. त्या गोष्टीला बोली नाही. आणि ऐकणारा समोर बसलेला आहे.